ड्यूक आणि बिशप एकच, उतारे दोन : ग्युस्ट्रोचा उलरिश कसा वाचायचा

मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी फेरफार तपासण्यात गेली. आता वर्षातले काही महिने लेकीकडे असतो, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, रोस्टोकला. गावाकडून कुणी आलं की जावई त्यांना समुद्र दाखवतो आणि मी ग्युस्ट्रोला नेतो. लोकलसारखी गाडी आहे, अर्ध्या तासात पोचवते.

तिथल्या जुन्या विटांच्या चर्चमध्ये, म्हणजे डोममध्ये, एक गृहस्थ गुडघे टेकून प्रार्थनेला बसलेले आहेत. पाठीमागे दोन बायका, त्याही तशाच. हा उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा ड्यूक, म्हणजे वंशपरंपरेनं राज्य करणारा, उलरिश. जन्म ५ मार्च १५२७, मृत्यू १४ मार्च १६०३. राज्यकर्ता म्हणून त्याचं नाव ड्यूकांच्या यादीत आहे आणि श्वेरिनच्या बिशपांच्या यादीतही आहे. पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : हा राजा होता की धर्मगुरू? आणि धर्मगुरू असेल तर या दोघी कोण?

असे ड्यूक-बिशप सोळाव्या शतकातल्या जर्मनीत पैशाला पासरी होते. त्यांचं चरित्र जन्मापासून सरळ वाचत गेलात तर तिसऱ्या पानावर हरवाल, कारण त्या पानावर एकाच नावाची तीन माणसं आणि एकाच आडनावाची चार घराणी भेटतात. म्हणून मी पाहुण्यांना निघण्याआधी जे करायला लावतो ते इथे लिहून ठेवतो. वही आणि पेन पुरे.

आधी माणूस पक्का करा

कुठल्याही प्रकरणात पहिलं काम हेच. 'उलरिश, बिशप, श्वेरिन' एवढ्यावर शोधायला गेलात तर तीन जण पुढे येतात. पहिला आपला, १५५० ते १६०३. दुसरा त्याचा नातू, डेन्मार्कचा राजपुत्र, १६०३ ते १६२४. तिसरा पणतू, तोही डेन्मार्कचाच, १६२४ ते १६३३. बिशपांच्या यादीत यांना पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे आहेत. पण आपल्याच उलरिशला ड्यूक म्हणून काही ठिकाणी 'तिसरा' म्हटलेलं असतं! म्हणजे 'उलरिश तिसरा' वाचलं की तो खापरपणजोबांपासून मोजलेला ड्यूक आहे की पणतू, ते बघावं लागतं. आकड्यावर विश्वास ठेवू नका. साल आणि बापाचं नाव लिहा. आपल्या उलरिशच्या बापाचं नाव आल्ब्रेख्त सातवा, आईचं आना, ती ब्रांडेनबुर्गच्या घरची. आईचं माहेर विसरू नका, पुढे लगेच लागणार आहे.

मग दोन उतारे काढा

वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला लिहा 'मेक्लेनबुर्गची डची', म्हणजे ड्यूकचं राज्य, उजव्या बाजूला 'श्वेरिनचं बिशपपद'. सगळी खुबी या दुमडीत आहे.

डावीकडची मिळकत वडिलोपार्जित. ती बापाकडून मुलांना जाते, मुलगा नसेल तर भावाला किंवा पुतण्याला. तिच्यात हिस्से पडतात, हिश्श्यांवरून भांडणं होतात, लवाद बसतो.

उजवीकडची मिळकत देवस्थान इनामासारखी समजा. नावावर माणूस आहे, उत्पन्न तो खातो, न्यायनिवाडाही करतो. पण जमीन देवाची. ती विकता येत नाही, मृत्युपत्रानं देता येत नाही आणि पोराला आपोआप लागत नाही. वहिवाटदार मेला की कॅथेड्रलचे अधिकारी-धर्मगुरू, ज्यांच्या मंडळाला चॅप्टर म्हणतात, ते पुढचा माणूस निवडतात.

आमच्या खात्यात इनाम जमिनीचा उतारा आणि खासगी जमिनीचा उतारा कुणी एकत्र करत नाही. इतिहास वाचणारे मात्र सर्रास करतात, आणि मग 'ड्यूकनं बिशपपद बळकावलं' किंवा 'बिशपनं राज्य मिळवलं' अशी वाक्यं तयार होतात. दोन्ही चुकीची. उलरिशच्या बाबतीत दोन्ही नोंदी वेगवेगळ्या सालच्या, वेगवेगळ्या कारणानं झालेल्या आहेत. बिशपपद आधी आलं, राज्य सहा वर्षांनी.

उजवीकडची पहिली नोंद : १५५०

उलरिशच्या आधी श्वेरिनचं बिशपपद त्याच्या चुलत भावाकडे होतं, माग्नुस तिसरा याच्याकडे. माग्नुसचा जन्म १५०९ चा आणि पदावर निवड १५१६ ची. वजाबाकी करा. सात वर्षांचा बिशप! पाहुणे इथे हसतात. हसू द्या, पण कारण सांगा. बिशपच्या ताब्यातली जमीन, ब्युत्सो आणि वारिन या गावांभोवतीची, चारी बाजूंनी मेक्लेनबुर्गच्या ड्यूकांच्या मुलखानं वेढलेली होती. त्या घराण्याला डावलून बिशप नेमणं चॅप्टरला परवडणारं नव्हतं. घराण्यालाही धाकट्या मुलांची सोय लागत होती.

माग्नुस मोठा झाला, पोपपासून फुटलेल्या मार्टिन ल्यूथरच्या बाजूचा झाला, आणि १५४३ मध्ये त्यानं डेन्मार्कच्या राजाची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं. बिशपच्या लग्नाचं कोडं इथे सुटतं. ल्यूथरच्या पंथात धर्मगुरूला लग्नाची बंदी नाही. शिवाय माग्नुस काय किंवा उलरिश काय, हे रोमनं अभिषेक केलेले बिशप नव्हतेच. कागदोपत्री त्यांचं पद 'प्रशासक'. बिशपची जमीन, महसूल आणि जर्मन सम्राटाच्या साम्राज्याच्या सभेतली जागा सांभाळणारा माणूस. प्रवचन आणि पूजाअर्चा दुसरे बघत.

१५४९ मध्ये श्टेर्नबेर्गच्या सभेत मेक्लेनबुर्गनं ल्यूथरचा पंथ अधिकृतपणे स्वीकारला. जानेवारी १५५० मध्ये माग्नुस ब्युत्सोला वारला, मूलबाळ नव्हतं. चॅप्टरनं उलरिशला निवडलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. शिक्षण झालेलं बव्हेरियाच्या दरबारात आणि इंगोलश्टाटच्या विद्यापीठात, म्हणजे कट्टर कॅथलिक वातावरणात. आणि बसला ल्यूथरपंथी गादीवर.

इथे उजव्या उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एक शेरा मारून ठेवा : आउग्सबुर्गचा तह, सप्टेंबर १५५५. त्या तहानं राजाचा तोच प्रजेचा पंथ हे मान्य झालं, पण एक अट घातली गेली : कॅथलिक बिशपनं पंथ बदलला तर त्यानं पद सोडायचं. ल्यूथरपंथीयांनी ही अट कधी मनापासून मानली नाही. उत्तर जर्मनीतल्या कितीतरी बिशपपदांवर 'प्रशासक' ही पाटी लावून कारभार तसाच चालू राहिला. वादग्रस्त शेऱ्यासह चालू असलेला भोगवटा, दुसरं काय!

डावीकडची नोंद : भाऊबंदकी आणि मामाचा निवाडा

आता डावी बाजू. माझ्या मते उलरिशच्या आयुष्यातला सगळ्यात वाचनीय भाग हाच, आणि नेमका तोच लोक एका ओळीत उरकतात.

बाप आल्ब्रेख्त १५४७ मध्ये गेला. काका हाइनरिश पाचवा फेब्रुवारी १५५२ मध्ये गेला. मेक्लेनबुर्ग हा या दोन भावांचा सामाईक मुलूख होता. काकांचा माग्नुस आधीच वारलेला आणि दुसरा मुलगा कारभार करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. म्हणजे काकांचा हिस्सा मोकळा. उलरिशचा थोरला भाऊ योहान आल्ब्रेख्त म्हणाला, सगळं माझं. हा माणूस धडाडीचा. त्याच वर्षी सम्राट पाचव्या कार्लविरुद्ध उठलेल्या राजांच्या युतीत तो होता आणि त्या मोहिमेत त्यांचा आणखी एक भाऊ, गेओर्ग, फ्रांकफुर्टपुढे मारला गेला. उलरिश म्हणाला, माझा हिस्सा टाक.

तीन-चार वर्षं घासाघीस झाली. १५५५ मध्ये विस्मारला तोडग्याचा प्रयत्न झाला. शेवटी प्रकरण ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, योआखिम दुसरा याच्यापुढे गेलं. आईचं माहेर लिहून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. योआखिम हा आना हिचा भाऊ, म्हणजे भांडणाऱ्या दोघांचा सख्खा मामा. त्यानं १ ऑगस्ट १५५६ रोजी निवाडा दिला, तो रुपिनचा निवाडा म्हणून ओळखला जातो.

निवाडा कसा वाचायचा? नकाशावर रेघ मारून 'पश्चिम श्वेरिनकडे, पूर्व ग्युस्ट्रोकडे' असं दाखवतात. ते खरं आहे, पण अर्धंच. वाटप झालं ते ठाण्यांचं आणि त्यांच्या उत्पन्नाचं. योहान आल्ब्रेख्तला श्वेरिनचा वाडा आणि त्याच्या बाजूची ठाणी, उलरिशला ग्युस्ट्रो आणि त्याच्या बाजूची. सरदारांची सभा मात्र एकच राहिली. रोस्टोक शहर आणि १४१९ पासूनचं तिथलं विद्यापीठ दोघांचं राहिलं. धर्माचे नियमही सगळ्या मुलखाला सारखे. पोटहिस्से पडले, पण सामाईक क्षेत्र मोठं ठेवलं. ज्यांनी चुलत्या-पुतण्यांच्या सामाईक विहिरीचे तंटे पाहिलेत त्यांना पुढची वीस वर्षं वेगळी समजवायला नकोत.

वहीत एक खूण करा, कारण इथे गंमत आहे. उलरिश श्वेरिनचा बिशप. पण श्वेरिन शहरातला वाडा भावाच्या वाट्याला. म्हणजे त्याचं कॅथेड्रल भावाच्या राजधानीत, ग्युस्ट्रोपासून साठेक किलोमीटरवर. बिशपचा जुना वाडा ब्युत्सोला, तेराव्या शतकापासूनचा, ग्युस्ट्रोच्या पश्चिमेला जवळच. आणि ग्युस्ट्रोच्या ज्या चर्चला सगळे 'डोम' म्हणतात ते कुठल्याही बिशपचं कॅथेड्रल कधीच नव्हतं. १२२६ मध्ये हाइनरिश बोर्विन दुसरा यानं स्थापलेलं ते धर्मगुरूंच्या संघाचं चर्च, आणि धार्मिक हद्दीनं ते श्वेरिनखाली नव्हे तर पलीकडच्या कामिनच्या बिशपखाली येत होतं. तेव्हा डोममध्ये उभं राहून 'हे बिशप उलरिशचं कॅथेड्रल' असं कुणाला सांगू नका. ते ड्यूक उलरिशचं दरबारी चर्च आहे. दुमडीच्या डाव्या बाजूचं.

लग्नं स्वतंत्र पानावर

१५५६ मध्येच, निवाड्याच्या वर्षी, उलरिशनं लग्न केलं. कुणाशी? माग्नुसच्या विधवेशी, त्याच एलिझाबेथशी. चुलत भावाचं पद आणि चुलत भावजय, दोन्ही त्याच्याकडे आली. ती त्याच्याहून वयानं थोडी मोठी. पुढे डोमची दुरुस्ती झाली त्यात या बाईचा मोठा वाटा आहे. १५५२ मध्ये धर्मगुरूंचा संघ बरखास्त झाल्यावर चर्च ओसाड पडलं होतं. १५६५ ते १५६८ या काळात ते पुन्हा उभं केलं गेलं.

त्यांना एकच मूल, सोफी, १५५७ ची. १५७२ मध्ये चौदा वर्षांच्या सोफीचं लग्न डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्याशी झालं. तो अडतीस वर्षांचा, आणि नात्यानं तिच्या आईच्या सावत्र भावाचा मुलगा. सोफीच्या मुलांपैकी अ‍ॅन आणि तिची थोरली बहीण लहानपणी आजोळी, ग्युस्ट्रोलाच राहिल्या. अ‍ॅनचं लग्न पुढे स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा याच्याशी झालं. मुलगा क्रिस्तियान चौथा १५८८ पासून डेन्मार्कचा राजा.

हे पान वेगळं ठेवायचं कारण असं की उलरिशचं वजन त्याच्या मुलखाच्या आकारावरून कळत नाही, नातवंडांवरून कळतं. एक उदाहरण. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे १५९७ मध्ये क्रिस्तियानशी बिनसल्यावर डेन्मार्क सोडून रोस्टोकला आला. त्यानं कुणाला मध्यस्थी घातली? राजाच्या आजोबांना. उलरिशनं नातवाला पत्र लिहिलं. नातू बधला नाही, तो भाग वेगळा. आजोबांचं वजन किती आणि कुठवर, दोन्ही त्या पत्रानं मोजून मिळतं.

याच नातवामुळे एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. क्रिस्तियान चौथ्याच्या अमदानीत डेन्मार्कच्या कंपनीनं १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगमबाडीला वखारीची परवानगी मिळवली आणि डान्सबोर्ग किल्ला बांधला. त्या जागेबद्दल तंजावर दरबाराला सालाना खंड द्यायचा होता. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि खंड घेणारं खातं मराठ्यांचं झालं. उलरिशच्या नातवाची कंपनी भोसल्यांची खंडकरी! सांगली-साताऱ्याच्या पाहुण्यांना एवढं सांगितलं की पुढचा तासभर ते लक्ष देऊन ऐकतात.

डोममध्ये काय बघायचं

डोममध्ये येणारे बहुतेक लोक एर्न्स्ट बार्लाखचा अधांतरी टांगलेला ब्राँझचा देवदूत बघायला येतात. बघाच. मूळ पुतळा १९२७ चा. नाझींच्या काळात तो उतरवून वितळवला गेला, आताचा नंतर ओतलेला आहे. पण तिथून थेट बाहेर पडू नका. वेदीकडे या.

आधी हाइनरिश बोर्विनचं स्मारक बघा, ज्यानं चर्च स्थापलं त्याचं. ते साडेतीनशे वर्षांनंतर, १५७५ च्या सुमारास, उलरिशनं करवून घेतलं आणि त्यावर घराण्याचा वंशवृक्ष कोरलाय. मालकी हक्काची साखळी भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. शिल्पकार फिलिप ब्रांडिन, मूळचा उत्रेख्तचा, नेदरलँड्समधून आलेला. विस्मारच्या चौकातलं पाण्याचं देखणं मंडपघर आहे, त्याचा आराखडाही त्याचाच.

मग उलरिशचं स्वतःचं स्मारक. कामाला १५८० नंतरच्या दशकात सुरुवात झाली, १५९९ ला संपलं. ब्रांडिन १५९४ मध्ये वारला, उरलेलं त्याच्या माणसांनी पुरं केलं. पुढे उलरिश, त्याच्या मागे एलिझाबेथ, तिच्या मागे दुसरी बायको आना. प्रत्येकापाठीमागे भिंतीवर पूर्वजांची, घराण्यांची चिन्हं असलेल्या ढालींसकट मोठी पाटी.

या पाट्या वाचायला लॅटिन किंवा जर्मन यायलाच हवं असं नाही. माझं जर्मन दुकानातल्या पावतीपुरतं आहे. चार चित्रं पाठ करा. मुकुट घातलेलं बैलाचं तोंड म्हणजे मेक्लेनबुर्ग. एकाखाली एक तीन सिंह म्हणजे डेन्मार्क. लाल गरुड म्हणजे ब्रांडेनबुर्ग, म्हणजे उलरिशचं आजोळ. आणि गरुडाच्या तोंडाचा, सिंहाच्या धडाचा प्राणी, ग्रिफिन, म्हणजे पोमेरानिया. दुसरी बायको आना पोमेरानियाची, तेव्हा ग्रिफिन दिसला की ती, असं वाटेल. थांबा. एलिझाबेथची आईही पोमेरानियाचीच. शिवाय रोस्टोकच्या जहागिरीची खूणही ग्रिफिन, आणि ती उलरिशच्या स्वतःच्या ढालीत एका घरात बसलेली असते. म्हणून सुट्या ग्रिफिनवरून निष्कर्ष काढू नका, ढाल पूर्ण वाचा. बैलाशेजारच्या घरातला ग्रिफिन रोस्टोकचा. त्याच ढालीत अंगठी धरलेला हात सापडला तर तो श्टारगार्डच्या जहागिरीचा.

आणि काय नाही ते बघा. बिशपचा उंच टोप नाही, हातात वाकडी काठी नाही. त्रेपन्न वर्षं बिशपपद भोगलेल्या माणसानं स्वतःचं स्मारक डोळ्यांदेखत पुरं करून घेतलं, आणि त्यात तो ड्यूक आहे, नवरा आहे, खानदानी आहे. कोणता उतारा तो आपला मानत होता याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही.

तिसरी मूर्ती बघताना आणखी एक हिशेब करा. एलिझाबेथ ऑक्टोबर १५८६ मध्ये डेन्मार्कहून लेकीला भेटून परतताना गेडसर बंदरात वारली. १५८८ मध्ये उलरिशनं आनाशी लग्न केलं. स्मारक संपलं १५९९ ला आणि आना वारली १६२६ मध्ये. चर्चला येणारी ही बाई सव्वीस-सत्तावीस वर्षं स्वतःचीच गुडघे टेकलेली मूर्ती बघत होती.

वाडा डोमपासून चालत आहे. जुन्या किल्ल्याला १५५७ मध्ये आग लागली, १५५८ पासून फ्रान्स पार यानं नवा बांधायला घेतला. १५८६ मध्ये उत्तरेकडची बाजू जळाली ती ब्रांडिननं उभी केली. आतल्या मोठ्या दालनात गचकामात उठवलेली हरणं आहेत, क्रिस्तोफ पारचं काम, बघण्यासारखं. पण वाड्याची दुरुस्ती गेली काही वर्षं चालू आहे. निघण्याआधी उघडा आहे का ते बघा, नाहीतर बाहेरून फोटो काढून परत यावं लागतं.

कारभाराच्या नोंदी

यात फार रमू नका, पण तीन नोंदी हव्यात. रोस्टोक शहराशी ड्यूकांचं भांडण : १५६५ मध्ये फौजा आत शिरल्या, १५७३ आणि १५८४ च्या करारांनी ते मिटलं आणि शहरानं ड्यूकांचं वर्चस्व मान्य केलं. कर्ज : १५७२ मध्ये श्टेर्नबेर्गला सरदार-शहरांच्या सभेनं दोन्ही भावांची कर्जं उचलली आणि बदल्यात स्वतःचे हक्क लिहून घेतले. हे नीट वाचा, कारण मेक्लेनबुर्गचे ड्यूक पुढे कायम दुबळे का राहिले त्याचं मूळ या कागदात आहे. सावकारानं फुकट कर्ज फेडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरी नोंद आमच्या भाषेत 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता. योहान आल्ब्रेख्त फेब्रुवारी १५७६ मध्ये वारला. त्याच्या मुलांचा पालक उलरिश. थोरला पुतण्या योहान सातवा १५८५ मध्ये कारभार पाहू लागला, पण कर्ज आणि भाऊबंदकीनं पिचून १५९२ मध्ये त्यानं स्वतःचा जीव घेतला. त्याचे मुलगे तीन आणि जवळपास दोन वर्षांचे. पालक पुन्हा उलरिश, आता पासष्टीचा. म्हणजे हयातीचा मोठा काळ ज्या भावाशी हिश्श्यावरून भांडला त्याचा हिस्सा तोच सांभाळत होता. त्याला जर्मन राजांमधला नेस्टर, म्हणजे वडीलधारा जाणता, म्हणत. मला त्यात नवल वाटत नाही. त्यानं तो हिस्सा गिळला नाही, हे मात्र पालनकर्त्यांचा अनुभव असलेल्या माणसाला विशेष वाटतं.

तारखा लावताना

१५८२ मध्ये पोपनं पंचांग सुधारलं, दहा दिवस पुढे ढकलले. कॅथलिक राज्यांनी ते घेतलं. ल्यूथरपंथी मेक्लेनबुर्गनं १७०० पर्यंत घेतलं नाही. इंग्लंडनंही तेव्हा घेतलेलं नव्हतं. उलरिश वारला १४ मार्च १६०३ ला, जुन्या पंचांगानं. इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली २४ मार्च १६०३ ला, तेही जुन्याच पंचांगानं. तिच्यानंतर जेम्स इंग्लंडचा राजा झाला, म्हणजे उलरिशची नात अ‍ॅन इंग्लंडची राणी झाली, आजोबा गेल्यावर बरोबर दहा दिवसांनी. आता कुणी उलरिशची तारीख नव्या पंचांगात बदलून २४ मार्च लिहिली आणि इंग्लंडची तशीच ठेवली, तर दोघे एकाच दिवशी गेल्यासारखे दिसतात. म्हणून प्रत्येक तारखेपुढे 'जु.' किंवा 'न.' लिहायची सवय लावा. १५८२ पूर्वीच्या तारखांना गरज नाही.

शेवटचा फेरफार

दोन उतारे केले ते बरोबर होते की नाही, हे १६०३ ला तपासता येतं. उलरिशला मुलगा नव्हता. डावी मिळकत, ग्युस्ट्रोचं राज्य, धाकटा भाऊ कार्ल याला गेली. मुलीला किंवा तिच्या मुलांना त्यातलं काही नाही. उजवी मिळकत, श्वेरिनचं बिशपपद, चॅप्टरच्या निवडीनं नातू उलरिश याला, म्हणजे मुलीच्या मुलाला. एका माणसाच्या नावावरच्या दोन मिळकती, वारस दोन, वाटा दोन. पान दुमडलं नसतं तर हे कधी कळलंच नसतं.

उजवा उतारा १६४८ ला बंद करा : वेस्टफालियाच्या तहानं बिशपपद संपलं, जमीन श्वेरिनच्या ड्यूकांना मिळाली. डावा १६९५ ला, ग्युस्ट्रोची शाखा खुंटली तेव्हा.

हात बसला की दुसरे घ्या. ब्राउनश्वाइगचा हाइनरिश युलिउस सोपा : वयाच्या दुसऱ्या वर्षी हाल्बरश्टाटचा बिशप, १५८९ मध्ये ड्यूक, दोन्ही नोंदी ठसठशीत. उलरिशचे स्वतःचे भाऊ क्रिस्तोफ आणि कार्ल हेही एकामागून एक रात्सेबुर्गच्या बिशपपदावर होते, तेही जमतील. बव्हेरियाचा एर्न्स्ट मात्र घाईनं घेऊ नका. फ्रायझिंग, हिल्डेसहाइम, लिएज, कोलोन, म्युन्स्टर अशी पाच बिशपपदं एकट्याकडे, म्हणजे उजव्या बाजूला पाच घरं पाडावी लागतात. आणि डावं घर रिकामं : बव्हेरियानं १५०६ पासून सगळी गादी थोरल्याला द्यायचा नियम केला होता, त्यामुळे हा जन्मानं ड्यूक असूनही त्याच्या नावावर गुंठाभर डची नव्हती.